पाचवा प्रश्न विचारू नका

तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील, तर हे आधी तुमच्यासाठी. हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि वाचा. तिसरा महिना चालू असेल तर आजच वाचा. कारण चौथा लागला की घरात कुजबुज सुरू होते. पदरी एक मुलगी असेल तर हळू आवाजात, दोन असतील तर जरा मोठ्यानं. कुणी मावसभाऊ म्हणतो, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. कुणी नणंद म्हणते, एकदा बघून तर घेऊ, बघायला काय जातंय? मग एके दिवशी उजाडायच्या आत दाराशी गाडी येते. कुठे जायचं ते बाईला सांगत नाहीत. मोबाइल घरीच ठेव, म्हणतात.

तिला त्या गाडीत बसू देऊ नका. एवढंच मागण्यासाठी हे लिहिते आहे.

मी सोनोग्राफीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. ती करा म्हणून मागे लागणाऱ्यांतली मी आहे. या यंत्राची जन्मकथाही मोठी मजेची आहे. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते. रडार, सोनार या गोष्टी त्यांच्या कानावरून गेलेल्या होत्या. लोखंडात आत कुठे चीर गेली आहे का, हे ध्वनिलहरी सोडून तपासणारी यंत्रं तेव्हा कारखान्यांत असायची. १९५५ मध्ये डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून रेनफ्र्यू इथल्या बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि तिथल्या यंत्रावर त्या तपासून पाहिल्या. पाण्यानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ, दोन्हींचे प्रतिध्वनी वेगळे आले. बॉयलरमधली चीर शोधणारं यंत्र माणसाच्या पोटातलंही सांगेल, ही आशा तिथे पक्की झाली. टॉम ब्राउन नावाच्या तरुण इंजिनिअरनं पुढे त्यांच्यासाठी यंत्र घडवलं आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. कापाकापी नाही, क्ष-किरण नाहीत, दुखणं नाही. पोटावर गार जेल लावायचं आणि आत बघायचं.

म्हणून सांगते, ही तपासणी चुकवू नका. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल तर बाळंतपणात बाई रक्त जाऊन दगावू शकते. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला तर नळी फुटते. मूल आडवं असतं, जुळं असतं, पाणी कमी असतं. आपल्या आज्यांच्या काळात यातलं पुष्कळसं बाळंतिणीच्या खोलीतच कळायचं, आणि कळायचं तेव्हा बैलगाडी जुंपायलाही वेळ उरलेला नसायचा. आज सुरुवातीच्या महिन्यांत आणि पुन्हा पाचव्या महिन्याच्या आसपास नीट तपासणी झाली की यातलं बरंचसं आधी कळतं. सुनेला घेऊन जा. नोंदणी असलेल्या केंद्रात जा, दिवसाढवळ्या जा, ओळखपत्र घेऊन जा. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे ना, ते बघा. मग डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. बाळाची वाढ बरोबर आहे का? ठोके नीट आहेत का? वार कुठे आहे? पाणी पुरेसं आहे का?

पाचवा विचारू नका.

पाचव्याचं उत्तर देणं डॉक्टरसाठी गुन्हा आहे. तोंडानं दिलं तरी, खुणेनं दिलं तरी, कसंही दिलं तरी. म्हणून ज्यांना द्यायचंय ते आडून देतात. कुठे पेढे आणा म्हणतात, कुठे जिलेबी. कुठे निघताना देवाचं नाव घेतात आणि देव घेतला की देवी, त्यावरून घरच्यांनी ओळखायचं. देवीचं नाव घेऊन मुलगी नको म्हणायची सोय करणाऱ्यांना नवरात्रात उपास कसा सोसतो, मला खरंच कळत नाही. आणि उत्तर ऐकल्यावर गाडी पुढे कुठे वळते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

किती मुली अशा गेल्या, ते जनगणनेत दिसतं. निसर्गतः मुलगे थोडे जास्तच जन्मतात. दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे, म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली. महाराष्ट्रात ० ते ६ वयाच्या हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३. २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात त्या वर्षी ८०७. हजारामागे जवळजवळ दीडशे मुली कमी, आणि त्या दुष्काळानं नेल्या नाहीत की साथीनं नेल्या नाहीत. त्याच मोजणीत गडचिरोलीचा आकडा साडेनऊशेच्या वर होता. ज्यांना आपण मागास म्हणतो त्या जिल्ह्यात मुली जन्माला येत होत्या, आणि उसाच्या पैशानं बंगले उठलेल्या कोल्हापूर-सांगलीत आकडा ८६० च्या घरात होता. गरिबीची सबब सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून भिंतीवर लावावेत.

फक्त मुलीच जातात असं नाही. आईही जाते. मे २०१२ मध्ये परळीतल्या एका दवाखान्यात सहाव्या महिन्यात गर्भपात करताना एक बाई दगावली. तिच्या पदरी आधीच मुली होत्या. प्रकरण न्यायालयात गेलं, डॉक्टर नवरा-बायकोला २०१९ मध्ये शिक्षा झाली. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळचं प्रकरण उघडकीला आलं. तिथेही एक तरुण बाई गेली होती. तपासात ओढ्याकाठी पुरलेल्या पिशव्या सापडल्या आणि त्यांत १९ भ्रूणांचे अवशेष. पोलिसांनी पकडलेला डॉक्टर होमिओपॅथीचा होता. अशा ठिकाणी रक्ताची सोय नसते. भूल देणारा जाणकार नसतो. बाई पांढरीफटक पडली की तिला गाडीत घालून वाटेला लावायची घाई होते. तुमच्या घरी आलेली ही दुसऱ्याची लेक आहे. तिच्या आईला काय सांगाल?

सासूबाई, आता जरा तुमच्याशी बोलते. तुम्ही वाईट नाही. नातवाचं तोंड बघायची हौस कुणाला नसते? तुमच्या वेळी दुसरी मुलगी झाली तेव्हा तुम्हालाही कुणी बारशाला धड विचारलं नसेल. ते तुम्ही गिळलंत. म्हणून तर आज तुमचा शब्द घरात चालतो. तो वापरा. मुलगा की मुलगी हे सुनेच्या हातात कधीच नव्हतं. आईच्या बीजात एक्स हे एकच गुणसूत्र असतं, बापाच्या बीजात एक्स किंवा वाय. कुठलं आधी पोचलं त्यावर ठरतं. नातीच्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, तिला वाचून दाखवायला सांगा. तेव्हा सुनेला बोल लावाल तर तो चुकीच्या माणसाला लागेल. (मुलालाही लावू नका, त्याच्याही हातात ते नाही.) आज रात्री सगळे जेवायला बसले की एकदाच म्हणा, माझ्या घरात हे होणार नाही. तुम्ही म्हटल्यावर मावसभावाची काय बिशाद आहे?

आणि घरात मुली असतील तर त्या ऐकत असतात, हे विसरू नका. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. त्यांचं आधीचं नाव होतं नकुशा. शाळेत हजेरीला रोज त्या नावाला 'हजर' म्हणायचं. तुमच्या घरातल्या मुलीचं नाव कितीही सुंदर असो, आईला चोरून कुठे नेलं आणि कशासाठी नेलं हे तिला एक दिवस कळतं. मग तिला स्वतःबद्दल काय कळलं असेल, याचा विचार करा.

बाप होऊ घातलेल्या तुम्हालाही सांगते. आईपुढे बोलता येत नाही, ही सबब बायकोला ऐकवू नका. कायदा तर ती ऐकतच नाही. बाईची गर्भलिंगतपासणी झाली असेल तर नवऱ्यानं आणि नातलगांनीच तिला भाग पाडलं, असं न्यायालय धरून चालतं. तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. अशी तपासणी करवून घेणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जबरदस्ती झालेल्या बाईला शिक्षा नाही. पण तुरुंगाला भिऊन थांबा, असं मला म्हणायचं नाही. तिच्याकडे बघून थांबा. रात्री ती झोपते का, ते बघा. गाडी ठरली असेल तर गाडीवाल्याला आत्ता फोन करा, येऊ नकोस म्हणा. एजंटाला दिलेले पैसे बुडाले तर बुडू द्या. बायकोला सांगा, उद्या कुठे जायचं नाही. तिच्या चेहऱ्यावर जे दिसेल ते तुम्हाला जन्मभर पुरेल.

कुणी म्हणेल, हा कायदा म्हणजे विज्ञानाला बेडी. तसं नाही. तपासणीला कुणाची बंदी नाही, बंदी एका उत्तराला आहे. शिवाय ही मर्यादा कुणी बाहेरून आणून आपल्यावर लादलेली नाही, ती आपल्याच माणसांनी घातली. १९७० च्या दशकात गर्भजलपरीक्षा आपल्याकडे आली ती जन्मजात दोष ओळखण्यासाठी. बघता बघता मुंबईत तिच्या जाहिराती झळकल्या, आज थोडे खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या. तेव्हा स्त्री संघटना, डॉक्टर, शास्त्रज्ञ, वकील एकत्र आले, रस्त्यावर उतरले, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो अमलात आला १९९६ मध्ये आणि बराचसा कागदावरच राहिला. मग 'सेहत' आणि 'मासूम' या आपल्याकडच्या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये तो कडक झाला, गर्भ राहण्याआधीची लिंगनिवडही त्यात आली. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानानं गरोदर बायकांना सोबत घेऊन सापळे रचले आणि डॉक्टरांना रंगेहाथ पकडून दिलं. पोटातलं मूल घेऊन त्या खोलीत गेलेल्या बायकांची नावं कुठे छापून येत नाहीत. छापूही नयेत. पण त्या होत्या, आणि तुमच्या-आमच्यासारख्याच होत्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर माझ्याच आवाहनानं कुणाचं नुकसान होईल. गर्भपात हा आपल्या देशात सरसकट गुन्हा नाही. १९७१ च्या कायद्यानं बाईला तो करून घेता येतो, ठरलेल्या कारणांसाठी आणि ठरलेल्या मुदतीत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही बायकांसाठी ही मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली आहे. दिवस राहिले आणि मूल नको आहे, तब्येत साथ देत नाही, जबरदस्ती झाली आहे, अशा बाईला दारातून परत पाठवू नका, तिच्याकडे संशयानं बघू नका. आशाताई, अंगणवाडीताई, तुमच्या वहीतल्या बाईनं 'पडलं' म्हणून सांगितलं तर तिची पोलिसासारखी उलटतपासणी घेऊ नका. तिच्याजवळ बसा, रक्त किती गेलं ते विचारा, दवाखान्यात न्या. कुठे नेलं होतं ते ती तिच्या वेळेला तुम्हालाच सांगेल. तेव्हा ऐका, आणि त्या दवाखान्याचं नाव पुढे पोचवा. आपली लढाई उत्तर विकणाऱ्याशी आहे, बाईशी नाही.

डॉक्टर, तुम्हीही हे वाचत असाल. तुमची तक्रार मला माहीत आहे. गरोदर बाईच्या सोनोग्राफीला भरायच्या एफ फॉर्ममधला एखादा रकाना रिकामा राहिला तरी यंत्राला सील लागतं, म्हणता. २०१६ मध्ये रेडिओलॉजिस्टांनी त्यासाठी संपही केला. तक्रारीत तथ्य आहे. कारकुनी चूक आणि विकलेलं उत्तर एकाच मापानं मोजू नये. पण तालुक्यात उत्तर कोण विकतं, हे बाहेरून आम्हाला दिसत नाही, तुम्हाला आतून दिसतं. संघटनेच्या बैठकीत त्याच्या शेजारी बसून चहा घेऊ नका. त्याचं नाव सांगा. ज्या दिवशी तुमच्यातलेच चारजण पुढे येऊन सांगतील, त्या दिवशी तुमच्या रिकाम्या रकान्याकडे कुणी वाकड्या नजरेनं बघणार नाही.

आणि हे सगळं घाईनं करा. यंत्र लहान होत चाललं आहे. पूर्वी ते एका खोलीत ठाण मांडून असायचं, आता पिशवीत मावतं. अलीकडच्या वर्षांत कोल्हापूर जिल्ह्यात, छत्रपती संभाजीनगरात छापे पडले तेव्हा यंत्रं राहत्या घरांत सापडली. कोल्हापुरात जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडायला लावला, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारा. उच्च न्यायालयानंही तो उचलून धरला. उपाय चांगलाच होता. पण ज्या यंत्राची नोंदणीच नाही, त्याला तो कोण जोडणार?

त्याहून पुढची गोष्ट रक्ताची. दहाव्या आठवड्याच्या सुमारास आईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे अंश सापडतात. गुणसूत्रांतले दोष ओळखायला ही तपासणी फार मोलाची आहे, आणि तिच्यातूनही मुलगा की मुलगी ते कळतं. आपल्याकडे तेही सांगायला बंदी आहे. पण विचार करा. पहाटेची गाडी निदान शेजाऱ्याला दिसते. रक्ताची नळी कुणाला दिसणार? खुणा करायला डॉक्टरही लागणार नाही, मोबाइलवर एक निरोप पुरेल. तिथे पोलीस पोचणार नाहीत, अधिकारी पोचणार नाहीत. पोचेल तो फक्त तुमच्या घरातला नकार. तो आत्ता ठाम करून ठेवा. मुलाच्या लग्नाची बोलणी चालली असतील तर तेव्हाच बोला. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाशी बोला. कठीण जातं, मान्य आहे. तरी बोला.

मुली कमी झाल्या तर त्यांचा मान वाढेल, असं पूर्वी काही शहाणे म्हणत. काय झालं ते बघा. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुण मुलं नवरदेवाच्या पोशाखात घोड्यावर बसून, बँड लावून जिल्हाधिकारी कचेरीवर गेली. लग्नाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी. लोक हसले, मोबाइलवर चित्रफिती फिरल्या. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तुमच्याच गावात तिशी ओलांडलेली किती मुलं पारावर बसून आहेत, मोजा. मुली कमी होतात तेव्हा त्यांच्यावरचा पहारा वाढतो. लग्नं लवकर उरकली जातात. पैसे घेऊन कुठली तरी गरीब घरची मुलगी आणून देणारे दलाल येतात. आज ज्या नातवासाठी गाडी काढताय, त्यालाच उद्या नवरी शोधत तुम्ही दारोदार फिरणार आहात.

हे बदलतं. बदललेलं जगानं बघितलं आहे. दक्षिण कोरियात १९९० मध्ये १०० मुलींमागे ११६ हून जास्त मुलगे जन्मत होते. बंदी तिथेही होती, १९८७ पासून. पुढे मुली शिकल्या, कमावत्या झाल्या, घराचा प्रमुख पुरुषच हा तिथला जुना कायदा गेला, आणि वीसेक वर्षांत आकडा निसर्गाच्या जवळ आला. २०२४ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं ती बंदीच काढून टाकली, मुलग्याचा हट्ट उरला नाही म्हणून. पाचवा प्रश्न निव्वळ कौतुकानं विचारता येईल, झबली कुठल्या रंगाची शिवू एवढ्यासाठी, असा दिवस मलाही बघायचा आहे. तो आज नाही. तोवर तोंडावर बोट ठेवा.

तोवर करायचं काय? लेकीचं नाव सातबाऱ्यावर लावा. महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. भाऊबीजेची ओवाळणी घालायची आणि दुसऱ्या दिवशी बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, हे थांबवा. मुलगा म्हातारपणाची काठी असं वाटतं ना? तुमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण नेतंय ते एकदा बघून या. सरकार 'लेक लाडकी' योजनेत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला १८ वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं १,०१,००० रुपये देतं. जरूर घ्या. पण एकीकडे योजनेचा अर्ज भरायचा आणि दुसरीकडे दुसऱ्या खेपेला पहाटेची गाडी ठरवायची, असंही घडतं. तसं करू नका.

शेजाऱ्यांनो, तुम्हाला कळलं असेल तर गप्प बसू नका. दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला, असं म्हणू नका. गाडीवाले दादा, ते भाडं नाकारा, दुसरं मिळेल. औषध दुकानदारांनो, गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका. चौथ्या-पाचव्या महिन्यात घरी घेतलेल्या त्या गोळ्यांनी बाई न्हाणीघरात रक्तात पडते. कंपाउंडर, सिस्टर, तुम्ही तर सगळं बघता. १०४ ला फोन करा. १८००२३३४४७५ ला करा, पैसे पडत नाहीत. 'आमची मुलगी' या सरकारी संकेतस्थळावर लिहा. नाव गुप्त ठेवतात. जिल्ह्याला जिल्हा शल्यचिकित्सक, तालुक्याला ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी, यांच्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. काहीच हललं नाही तर १५ दिवसांची नोटीस देऊन तुम्ही स्वतः न्यायालयात जाऊ शकता. हा अधिकार कायद्यानं साध्या नागरिकाला दिला आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. बीडचा आकडा तेव्हा काय निघेल, तुमच्या तालुक्याचा काय निघेल, हे माजघरात ठरतं. पण मोजणीची वाट कशाला बघायची? जन्माची नोंद ग्रामपंचायतीत असते. गेल्या वर्षी गावात किती मुलगे जन्मले, किती मुली, ते ग्रामसेवकाला विचारा. जळगाव जिल्ह्यात हे आकडे फलकावर लावायला सुरुवात झाली, तसा फलक तुमच्या चावडीसमोर लावायला सांगा. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आकडे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावा. मुली कमी भरल्या तर कुणाच्या घराकडे बोट दाखवू नका, कुठल्या दवाखान्याकडे वाट जाते ते विचारा. ग्रामसभेत विषय घ्यायचा तर अर्ज आधी द्यावा लागतो. साधा कागद चालतो. चारजणींच्या सह्या घ्या आणि उद्या सकाळी ग्रामपंचायत उघडली की देऊन या.